निनावी अभियंत्याचा शब्द किती मानावा?

दक्षिणायन

अंतराळ मोहिमांवरचे वाद तावातावाने व्हावेत, असेच माझे मत आहे. चंद्रावर कोणत्या मार्गाने उतरायचे, हा प्रश्नसुद्धा सौम्य संभाषणातून सुटलेला नाही. चंद्राभोवतीच्या कक्षेत दोन यानांची भेट घडवावी, हा पर्याय कोणी नीट ऐकून घेत नाही हे पाहून अभियंता जॉन हूबोल्ट यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये वरिष्ठांची उतरंड ओलांडली, नासाचे उच्चाधिकारी रॉबर्ट सीमन्स यांना थेट खरमरीत पत्र लिहिले आणि त्याखाली स्वतःचे नाव घातले. जुलै १९६२ मध्ये नासाने तोच मार्ग स्वीकारल्याचे जाहीर केले.

म्हणून माझा आग्रह असा आहे की, एखाद्या यानाची रचना सदोष आहे असे जो सांगतो, त्याने ते नावानिशी सांगावे. ‘डायरेक्ट’ या प्रस्तावाचे उदाहरण घ्या. नासाने आखलेल्या एरीस अग्निबाणांऐवजी स्पेस शटल या जुन्या अंतराळयानाचेच भाग वापरून नवा अग्निबाण बांधावा, असे २००६ पासून मांडणाऱ्या या गटाचे प्रवक्ते उघडपणे बोलत होते. परंतु आकडेमोड नासातील अनेक अभियंते फावल्या वेळात, नाव न सांगता करीत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. नासाच्या विश्लेषणाने या अग्निबाणाची क्षमता दाव्यापेक्षा कमी ठरवली, तेव्हा गटाने ते विश्लेषणच चुकीचे ठरवले. आता वाचकाने निवाडा कसा करायचा? ज्यांनी गणित केले, त्यांना प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती.

उल्का

दक्षिणायन, हूबोल्ट यांचे पत्र स्वीकारले गेले म्हणून ते आपल्याला आठवते. नाव घालून लिहिणाऱ्या दुसऱ्या अभियंत्याचे काय झाले, तेही पाहू. रॉजर बोइजोली यांनी जुलै १९८५ मध्ये शटलचे बूस्टर बनवणाऱ्या आपल्या कंपनीच्या वरिष्ठांना लेखी कळवले होते की, घन इंधनाच्या बूस्टरमधील ओ-रिंगचा, म्हणजे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांचा, दोष दूर केला नाही तर जीवितहानी होईल. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, दूरध्वनीवरील बैठकीत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थंडीमुळे उड्डाण लांबणीवर टाकावे म्हणून जिवाच्या आकांताने युक्तिवाद केला. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर हे शटल सात अंतराळवीरांसह नष्ट झाले. बोइजोली यांनी चौकशी आयोगापुढे खरे सांगितले, आणि त्यानंतर ज्यांच्यासोबत वर्षानुवर्षे काम केले होते त्यांनीच त्यांना वाळीत टाकले. त्यांना नोकरी सोडावी लागली. नावाची किंमत ही अशी मोजावी लागते, आणि ती मोजूनही उड्डाण थांबले नव्हते.

त्याच चौकशीतील दुसरा प्रसंग मला याहून मोलाचा वाटतो. आयोगाच्या सदस्य आणि अंतराळवीर सॅली राइड यांनी, तापमान उतरते तशी ओ-रिंगची लवचिकता कशी घटते याची आकडेवारी असलेला एक कागद आयोगाचेच सदस्य जनरल डोनाल्ड कुटिना यांच्या हाती गुपचूप दिला. मूळ माहिती देणाऱ्यावर गंडांतर येऊ नये म्हणून कुटिना यांनी तो कागद कोणालाही दाखवला नाही. आयोगातील भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना त्यांनी केवळ सूचक प्रश्न विचारला. पुढे फाइनमन यांनी सर्वांसमक्ष बर्फाच्या पाण्यात ओ-रिंगचा तुकडा बुडवून दाखवला. राइड यांचा यातील वाटा २०१२ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतरच जगाला कळला. त्यांच्यावर नाव उघड करण्याची सक्ती असती, तर तो कागद फाइलीतच राहिला असता.

कक्षा

उल्का, आपले उदाहरण प्रभावी आहे, पण ते निनावीपणाचे नाही. कागद कोणी दिला हे कुटिना यांना ठाऊक होते, आणि राइड यांच्या योग्यतेविषयी त्यांना शंका नव्हती. नाव जगापासून लपलेले होते, ऐकणाऱ्यापासून नव्हे. चॅलेंजरनंतर नासाने धोक्याची सूचना देणाऱ्याचे नाव गोपनीय ठेवणारी स्वतंत्र व्यवस्था उभारली, तीही याच धर्तीवर. ज्याच्याविषयी कोणालाच काही माहीत नाही, अशा टोपणनावाला हा आधार नसतो.

शिवाय काही दाव्यांना नावाची गरजच नसते. चेन्नईचे षण्मुग सुब्रमण्यन यांनी २०१९ मध्ये नासाने प्रसिद्ध केलेल्या चंद्राच्या छायाचित्रांतून विक्रम लँडरचा अवशेष ओळखला. त्यांनी तो स्वतःच्या नावाने कळवला. पण आधीचे आणि नंतरचे छायाचित्र शेजारी ठेवून कोणालाही खात्री करता आली असती, म्हणून टोपणनावानेही तो तितकाच खरा ठरला असता.

उल्का

हा भेद मला मान्य आहे. मात्र गोपनीय व्यवस्था असली की माणूस बोलतोच, असे समजू नका. जानेवारी २००३ मध्ये, पुढे परतताना नष्ट झालेल्या कोलंबिया या शटलच्या डाव्या पंखावर इंधनटाकीवरील फोमचा तुकडा आदळल्यावर रॉडनी रोचा या अभियंत्याने त्या पंखाची अधिक छायाचित्रे मिळवण्याची मागणी केली. ती नाकारली गेल्यावर त्यांनी कडक शब्दांत ई-मेल लिहिला, पण वरिष्ठांना पाठवला नाही. चॅलेंजरला सतरा वर्षे उलटली होती, नवी व्यवस्थाही होती, आणि तरीही तो मजकूर वरिष्ठांपर्यंत पोहोचलाच नाही. अशा माणसाला मी टोपणनावाची वाट कधीही बंद करणार नाही.

दक्षिणायन

रोचा यांच्या न पाठवलेल्या पत्रापुढे माझा सरसकट आग्रह टिकत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. ज्याला आपली नोकरी गमवावी लागेल, त्याच्याकडे मी यापुढे नाव मागणार नाही. पण ‘डायरेक्ट’बाबतची माझी हरकत कायम आहे. तेथे प्रश्न अग्निबाणाच्या क्षमतेचा होता; टाकीचे वजन किती धरले, इंजिनाचा जोर किती धरला, राखीव इंधन किती सोडले, यांवर उत्तर बदलते. गणित करणाऱ्याने पडद्याआड राहावे, परंतु गृहीतके एकूण एक उघड असावीत, आणि आक्षेपाला त्यानेच, टोपणनावाने का होईना, उत्तर द्यावे. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ‘आमच्या अभियंत्यांनी तपासले आहे’ एवढेच ऐकू येत असेल, तर मी तो दावा मोजणीत धरणार नाही.