१३बी टर्बो रोटरी पुन्हा बांधालोय: साइड प्लेट इथंच लॅप केल्या तर चालतील काय?

उद्यमबाग_ग्राइंडर

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा. उद्यमबागेत एका हायड्रॉलिक कारखान्यात चौदा वर्षं ग्राइंडिंगवर आहे. व्हॉल्व्हचे स्पूल दोन-तीन मायक्रॉनमध्ये बसवणं हे रोजचंच काम, त्यामुळं मोजमापाला घाबरत नाही. पण रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतात ते) आयुष्यात पहिल्यांदा उघडलंय आणि आता हात थांबलाय.

इंजिन माझदाचं १३बी टर्बो, १९८७ च्या आरएक्स-७ चं. शारजात असलेल्या चुलत भावामार्फत सुटं मिळालं. ते जुन्या प्रीमियर पद्मिनीत बसवलंय, आत पिंजरा वेल्ड केलाय. गाडी रस्त्यावर काढत नाही, ट्रेलरवर घालून ट्रॅक डेलाच नेतो.

जानेवारीत कोइमतूरच्या करी स्पीडवेवर तिसऱ्या फेरीत, सरळ पट्ट्यावर साडेसहा हजार आरपीएमला, एक बारीक ‘टक्’ आवाज आला आणि ताकद निम्म्यावर आली. आयडलला सगळी गाडी हलत होती. लगेच बंद केलं. घरी आणून उघडलं तर मागच्या रोटरचं एक एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) तुटलेलं, अर्धा तुकडा गायब. त्याच रोटरच्या हाउसिंगचं, म्हणजे भोवतालच्या कवचाचं, क्रोम ट्रेलिंग प्लगच्या (प्रत्येक रोटरला दोन प्लग, लीडिंग आणि ट्रेलिंग) भोकाजवळ तीन-चार मिमी उडालंय. साइड प्लेटवर (रोटरच्या दोन्ही अंगांच्या सपाट प्लेट) सीलनं पायरी पाडलीय: मधल्या प्लेटवर ०.०६ मिमी, मागच्या प्लेटवर ०.०८.

मी केलेले बदल असे: टर्बोपासून शेवटपर्यंत तीन इंची मोकळा एक्झॉस्ट. कॉम्प्युटर आणि इंजेक्टर कंपनीचेच. बूस्ट (टर्बोनं भरलेल्या हवेचा दाब) वाढलं की तो कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, म्हणून त्याला फसवणारं छोटं सर्किट लावलं होतं. बूस्टचा काटा सुरुवातीला ०.५ बारवर असायचा, वरच्या आरपीएमला ०.८ पर्यंत जायचा. पेट्रोल साध्या पंपावरचं.

आमच्या कारखान्यात लॅपिंग मशीन आहे, प्लेट तिथं घासून सपाट करू काय? हाउसिंगला माच्छे भागात हार्ड क्रोम करून घेता येईल काय? आणि एपेक्स सील म्हणजे शेवटी २ मिमी जाडीची पट्टीच की, टूल स्टीलमधून मीच ग्राइंड केली तर? जाणकारांनी सांगावं.

शिरोलीचा_प्लेटर

भावा, क्रोमचं मी सांगतो, माझं कामच ते आहे. नको. सिलिंडर रॉड गोल असतो, क्रोम चढवून सेंटरलेस ग्राइंडरला टाकला की झालं. हे हाउसिंग गोल नाही, मध्ये दोन्हीकडं कंबर असलेला आठासारखा आकार. क्रोम कडेला जास्त बसतो, खोलगट जागी कमी. मग तो वक्र धरून ग्राइंड करणारं मशीन लागतं, ते आमच्या एमआयडीसीत मी तरी बघितलेलं नाही. शिवाय बाहेर ॲल्युमिनियम आणि आत पातळ पोलादी पत्र्याचं अस्तर, त्यावर क्रोम. जुना क्रोम ॲसिडनं काढताना ॲल्युमिनियम सांभाळणार कसं? चांगलं वापरलेलं हाउसिंग शोध.

मस्कतचा_शहापूरकर

उद्यमबागवाले भाऊ, मी मूळचा शहापूरचा, अकरा वर्षं मस्कतला गॅरेजात आहे. इथं आरएक्स-७ पुष्कळ, त्यामुळं हे इंजिन हाताखालून बरंच गेलंय. सुटे भाग कुठले घालायचे ते मागाहून बघू. सील का तुटलं ते आधी बघा, नाहीतर नवं सीलही तिसऱ्या फेरीतच जाईल.

कारण तुम्हीच लिहिलंय. ०.५ चा काटा ०.८ वर गेला. या इंजिनाचं कंपनीचं बूस्ट ०.४ च्या आसपास असतं. एक्झॉस्ट मोकळा केला की टर्बाइनच्या मागचा अडसर जातो आणि टर्बो जोरात फिरतो. या टर्बोच्या वेस्टगेटचं (जादा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) भोक मुळातच लहान आहे. झडप पूर्ण उघडली तरी लागतो तेवढा गॅस तिथून निघत नाही, म्हणून आरपीएमबरोबर बूस्ट चढतच जातं. हा या मॉडेलचा जुना, सगळ्यांना माहीत असलेला दोष आहे. आणि पेट्रोल तोडणं ही कॉम्प्युटरची खोड नव्हती, ती तुमच्या इंजिनाची राखण होती. ते सर्किट आजच काढून टाका.

दुसरं पेट्रोल. तुमच्याकडं आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. तो कॉम्प्युटर १९८० च्या दशकातला. बूस्टमध्ये तो ऑक्सिजन सेन्सरकडं बघत नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणं इंजेक्टर उघडतो. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला हवा लागते १४.७ भाग, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं, आणि ते त्या तक्त्यात नाही. इथेनॉलनं ऑक्टेन थोडा वाढतो हे खरं, पण मिश्रण पातळ झालं (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं) की तो फायदा उरत नाही. त्यात चढतं बूस्ट. पिस्टन थोडं ठोकणं (इंधन आपोआप भडकून बसणारे हादरे) सोसतो, ही पट्टी सोसत नाही.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. बेळगाव साडेसातशे मीटरवर, कोइमतूर चारशेच्या आसपास. काटा तोच दिसला तरी खाली हवा दाट, इंजिनात जास्त जाते. उद्या चेन्नईच्या ट्रॅकला गेलात तर फरक आणखी वाढेल. घरी काठावर ट्यून केलेलं तिथं काठाबाहेर जातं.

आता प्लेट. पायरीची कंपनीची मर्यादा ०.१० मिमी, वाकाची ०.०४. तुमच्या दोन्ही प्लेट पायरीत बसतात. पट्टी आणि फीलर लावून वाक बघा, बसला तर हात लावू नका. या प्लेट नायट्राइड केलेल्या (नायट्रोजन मुरवून पृष्ठभाग कडक केलेल्या) असतात आणि तो कडक थर पातळ असतो. तुम्ही लॅप करून ०.०८ काढलंत तर खालचं मऊ बीड उघडं पडेल आणि साइड सील ते भराभर खाईल. लॅप करायचंच झालं तर नंतर पुन्हा गॅस नायट्राइडिंग करून घ्यावं लागेल. आणि स्पूलच्या सवयीनं आरसा करू नका. आरशावर तेल टिकत नाही.

एपेक्स सील घरी करू नका. माथ्याची गोलाई, कोपऱ्याचा तुकडा, खालची स्प्रिंग, सगळं एकमेकांत बसलेलं असतं. शिवाय सील फार कडक झालं तर ते क्रोम खरवडतं, आणि सीलपेक्षा हाउसिंग महाग. १९९१ ला ले मान्स जिंकलेल्या ७८७बी मध्ये सिरॅमिक सील होते, पण ते कारखान्याचं इंजिन. बाजारात पोलादी सील मिळतात, ते तुटण्याऐवजी वाकतात, म्हणून जास्त बूस्टवाले ते घालतात. तुम्हाला मी कंपनीचेच सांगेन, बूस्ट ०.५ वर रोखून.

तुमच्या हाताचं काम वेगळीकडं आहे. साइड सील (रोटरच्या अंगाला बसणाऱ्या पातळ पट्ट्या) लांब येतात, प्रत्येक खाचेत मोजून टोक घासावं लागतं. फट ०.०५ ते ०.१५ मिमी. बारा सील, बारा खाचा, एकाची दुसऱ्यात अदलाबदल नाही. तिथं घाई केली की गरम इंजिन सुरूच होत नाही. माझं पहिलं इंजिन मी असंच घालवलं, फट सगळीकडं ०.३ ठेवली होती.

प्लग चारही ९ नंबरचे घाला. कंपनी लीडिंगला ७ देते, ते ट्रॅकसाठी गरम पडतात.

आणि गायब तुकडा एक्झॉस्टमधूनच गेला असणार. टर्बाइनची पाती बघितलीत काय?

उद्यमबाग_ग्राइंडर

दादा, आत्ता टॉर्च लावून बघितलं. दोन पात्यांची टोकं उडालीत. टर्बो चांगला आहे असंच धरून चाललो होतो. काटा वर जायचा तेव्हा मला उलट बरं वाटायचं, जास्त ताकद मिळतेय म्हणून. एवढं सविस्तर लिहिलंत, फार उपकार झाले.

निपाणीचा_टूटी

मी रोटरीवाला नाही, आरएक्स १०० वाला. पण टूटी (टू-स्ट्रोक) तेलाचं वाचलंय आणि एका मित्राच्या गाडीत बघितलंय. या इंजिनात एक छोटा पंप संपमधलंच तेल सील ओले ठेवायला आत सोडतो. रेसिंगवाले तो काढून पेट्रोलमध्येच टूटी मिसळतात, लिटरला १० मिली म्हणजे १:१००. टूटी जळायलाच बनवलेलं असतं, काजळी कमी धरतं. मात्र पंप काढला आणि एखाद्या दिवशी मिसळायला विसरलं तर सील कोरडे. ट्रॅकवर गडबडीत असं होतं. मी असतो तर पंप ठेवून वर लिटरला ५ मिली घातलं असतं.

मस्कतचा_शहापूरकर

निपाणीकरांचं बरोबर आहे. दोन्ही ठेवा.

उद्यमबाग_ग्राइंडर

पाच आठवड्यांनी लिहितोय. वेस्टगेटचं भोक मोठं करून घेतलं, झडपही त्या मापाची बसवली. टर्बाइन बदलला. कंपनीच्या जागी बसणारा, ट्यून करता येणारा सुटा कॉम्प्युटर मागवलाय, तो आल्याशिवाय बूस्ट लावणार नाही. वापरलेलं हाउसिंग भावानं पाठवलं, क्रोम स्वच्छ आहे. दोन्ही प्लेटचा वाक ०.०२ च्या आत निघाला, लॅप केल्या नाहीत. पावसाचे दिवस, एका रात्रीत तांबूस होऊ लागल्या, तेव्हा तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्या. साइड सील बारा दिवस घेतले, रोज ड्युटीनंतर एक. सगळे ०.०६ ते ०.०८ मध्ये.

काल इंजिन आवळलं. एंड प्ले (शाफ्टची पुढं-मागं हालचाल) ०.०९ आला, पुढचा स्पेसर बदलल्यावर ०.०५. हातानं फिरवलं की दोन्ही रोटरचे दाबलेल्या हवेचे तीन-तीन फुसके सारखे येतात. आता पुढचं कव्हर बसवू काय?

मस्कतचा_शहापूरकर

बसवा, पण एक सांभाळा. कव्हरसाठी पुढचा मोठा बोल्ट पुन्हा काढावा लागतो, आणि नेमकं तेव्हाच आतलं निडल थ्रस्ट बेअरिंग जागेवरून घसरतं. इंजिन नाक वर करून उभं ठेवा. कव्हर लावून बोल्ट पूर्ण आवळला की एंड प्ले मोजायला डायल परत लावा. ०.०५ च आला तर पुढं चला. शाफ्ट अजिबात हलत नसेल तर बेअरिंग चिमटलंय, सुरू न करता उघडा.