समोरच्या डोंगराला लागलेला वणवा: हवामान बदल की माणसाची करणी?

अनघा, दिंडोशी:
आमच्या गॅलरीतून समोरचा डोंगर दिसतो. परवा रात्री नऊच्या सुमाराला त्यावर आगीची बारीक नागमोडी रेघ दिसली. तासाभरात ती वर माथ्याला टेकली. सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर गवताची जळकी पाती चिकटलेली. सातवीतला मुलगा म्हणाला, "आई, हे ग्लोबल वॉर्मिंगमुळेच ना?" सासरे म्हणाले, "अरे, वणवे आमच्या लहानपणीही लागायचे. कुणीतरी विडी टाकली असेल." २०१८च्या डिसेंबरात इथेच मोठी आग लागली, तेव्हाही घरात हाच वाद झाला होता. नक्की खरं कुणाचं?

विलास, कांदिवली:
सासऱ्यांचं. आमच्या गावी डोंगर मुद्दाम पेटवतात. जुनं गवत जाळलं की पावसात नवं जोमाने येतं, असा समज आहे.

नाना, मुलुंड:
ताई, मी मुंबईतल्या संजय गांधी नॅशनल पार्कच्या मुलुंडकडच्या अंगाला राहतो. गेली अकरा वर्षं उन्हाळ्याच्या तोंडावर जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढायला जातो आणि वणवा लागला की विझवायलाही. आग लागते कशाने आणि पसरते कशाने, हे दोन प्रश्न वेगळे धरा, म्हणजे आजोबा आणि नातू दोघांनाही उत्तर मिळेल.

लागण्याचं म्हणाल तर आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात विजा क्वचितच पडतात. म्हणजे काडी बहुतेक वेळा माणसाचीच. गेल्या वर्षी आमच्याकडचा एक वणवा एका सोसायटीच्या मागे पेटवलेल्या पालापाचोळ्यातून वर चढला. जाळणारा माणूस पेटतं टाकून जेवायला गेला होता. अमेरिकेतही १९९२ ते २०१२ या काळातल्या वणव्यांपैकी ८४ टक्के माणसामुळे लागलेले होते.

पसरण्याचं गणित मात्र हवेच्या हातात असतं. तापमान एक अंशाने वाढलं की हवेची बाष्प धरायची ताकद साधारण ७ टक्क्यांनी वाढते. तेवढं बाष्प मिळालं नाही, तर ती माती, पानं, काटक्या यांतला ओलावा ओढून घेते. कॅनडात २०२३ मध्ये दीड कोटी हेक्टरांच्या आसपास जंगल जळालं, म्हणजे जवळपास निम्मा महाराष्ट्र. तिथे पुष्कळ आगी विजेने लागल्या. पण वीज दरवर्षीच पडते. त्या वर्षी जंगल वेळेआधीच तापून सुकलं होतं.

मुंबईत काय होतं, ते मी हाताने अनुभवलंय. थंडीतल्या पहाटे गवत मुठीत धरलं तर दवाने तळवा ओला होतो. अशा वेळी आग धुमसते, आपण ओल्या फांद्यांनी झोडपून ती बसवतो. पण पूर्वेचा कोरडा वारा सुटला आणि समुद्राकडचं वारं दुपारपर्यंत आलंच नाही, की तेच गवत मुठीत पापडासारखं मोडतं. मग रात्रभर आग थांबत नाही, आणि चढावर तर ती माणसापेक्षा जोरात पळते, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच भाजून ठेवतात. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या अशाच कोरड्या वाऱ्याने घात केला.

पण मुलाला हेही सांगा, की आपल्या डोंगरावरचं गवत दरवर्षी वाळतंच. पाऊस चांगला झाला की ते आणखी माजतं, म्हणजे सरपण वाढलं. त्यामुळे समोरची एक आग उचलून ती हवामान बदलाच्या नावावर टाकता येणार नाही. तापलेल्या हवेमुळे धोक्याचे दिवस वाढतात. काडी तीच, पण पूर्वी विझली असती ती आता माथा गाठते. मला खरं दुःख होतं ते रोपांचं. मोठा साग तगतो, गुडघ्याएवढी ऐन-खैराची रोपं राख होतात, आणि दोन वर्षांनी तिथे घाणेरी माजलेली दिसते.

अनघा, दिंडोशी:
नाना, हे दोघांना वाचून दाखवलं. सासरे बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी विचारलं, पुन्हा आग दिसली तर कळवायचं कुठे?

नाना, मुलुंड:
वन विभागाचा १९२६ आणि अग्निशमन दलाचा १०१. डोंगराची कोणती बाजू, खाली कुठली वस्ती, एवढं सांगा. ज्वाळा अंगाएवढ्या असतील तर जवळ जाऊ नका. आमचा जाळरेषेचा एक पट्टा अजून राहिलाय: गवत कापायचं, झाडून बाजूला करायचं, पुढचं जाळायचं काम वनरक्षक स्वतः उभे राहून करतात. मुलाला यायचं असेल तर रविवारी सहाला घेऊन या. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला, नायलॉनचं काही नको, ठिणगीने ते वितळून कातडीला चिकटतं.