१३-१५ जानेवारी अगादीर: अमाझिग नववर्षाचं जेवण कुठे मिळेल?

वांगीभात: नवऱ्याचं काम मोरोक्कोत अगादीरला आहे, म्हणून मी आणि सासूबाईही जातोय. त्याच सुमारास अमाझिग (उत्तर आफ्रिकेतले मूळ रहिवासी, बर्बर) लोकांचं नववर्ष, यन्नायर, येतं म्हणे. घरगुती जेवण कुठे मिळेल? आणि तिथल्या आर्गन झाडाच्या बियांचं तेल कुठून घ्यावं? सासूबाई शाकाहारी, अंडंही नाही. जेवण आणि तेल मिळून ८०० दिऱ्हम, वर एक पैसा नाही.

डोंबिवली_ते_दुबई: ८०० मध्ये काय होतंय! आम्ही मर्झुगाला वाळवंटात तंबूत राहिलो. गालिचे, गरम पाणी, शाही थाट. अगादीर सोडा, तिकडे जा.

भटकभवानी: दादा, अगादीरहून मर्झुगा म्हणजे अख्खा दिवस गाडीत. दोन रात्रींत कशी जाणार ती?

अक्कलदाढ: तागुला खाच. मक्याचा नाहीतर सातूचा भरडा लाकडी दांड्याने घोटून घोटून घट्ट शिजवतात, मोठ्या थाळ्यात ओततात, मधे खळगा करून आर्गन तेल. सगळे भोवती बसून आपापल्या बाजूने घास तेलात बुडवत आत सरकतात. पोटात खजुराची एक बी दडवलेली असते, जिला सापडेल ती वर्षभर नशीबवान. मला सापडली. दाढेचा टवका उडाला आणि वर्ष दातांच्या डॉक्टरकडे गेलं.

खादाडखाऊ: सात भाज्यांचा कुसकुस (रव्याचे वाफवलेले बारीक दाणे) घ्या, शाकाहारी आहे.

मीठ_कमी: अजिबात नाही! भाज्या सात, पण बहुतेक घरी शिजतात मांसाच्याच रश्श्यात. 'मांस नको' म्हटलं की तुकडे उचलून तेच ताट पुढे. आईने चार घास खाल्ल्यावर आम्हाला कळलं. तिने तीन दिवस माझ्याशी अबोला धरला.

पंचांगकर्ते: १४ जानेवारी म्हणजे आपली संक्रांतच की. सात भाज्या म्हणजे भोगीची भाजी. मूळ एकच.

भटकभवानी: ओढूनताणून काहीही हं. तो जुन्या ज्युलियन पंचांगातला १ जानेवारी, तेरा दिवसांच्या फरकाने १४ ला येतो. शेतीचं पंचांग ते. अल्जीरियात तर १२ लाच सुट्टी असते, २०१८ पासून. तिथल्या काबिली (उत्तरेकडच्या डोंगरातले अमाझिग) घरांत कोंबडा कापतात, तीही भोगीच का?

पंचांगकर्ते: तुम्हाला सगळं माहीतच असतं.

तेलकट: तेलाचं ऐका. खायचं आर्गन भाजलेल्या गरांचं, रंग गडद, वास खमंग. चेहऱ्याला लावायचं न भाजलेलं. मी रस्त्याकडेला स्वस्तात लिटरभर घेतलं, घरी झाकण उघडलं तर कसलाच वास नाही, सूर्यफूल असावं. बायकांच्या सहकारी संस्था आहेत, तिथूनच घ्या.

अक्कलदाढ: तेल कशाला, अमलू घ्या. भाजलेले बदाम, आर्गन तेल आणि मध एकत्र वाटलेलं. गरम पोळीला लावून बघा. आणि तागुला खाच, परत सांगते.

सोलापूरची_शेंग: अहो, मुख्य गोष्ट कोणीच सांगितली नाही. जेवण १३ च्या रात्री असतं! १४ ला नुसती सुट्टी, तीही २०२४ पासून सरकारी. ताई, विमान किती वाजता उतरतं?

वांगीभात: १३ ला रात्री साडेअकराला. 🙈
म्हणजे तागुला हुकलीच. सासूबाईंना अख्खा धागा वाचून दाखवला. निकाल असा: कुसकुसवर विश्वास नाही, आणि कवळीला खजुराची बी परवडायची नाही. त्या डब्यात तिळगूळ आणि धपाटे घेताहेत, १४ ला हॉटेलच्या खोलीतच संक्रांत. तेलाचेही पैसे अमलूला.

खादाडखाऊ: मग विचारलंत कशाला?

तेलकट: अमलू सामानाच्या बॅगेत टाका, हातातल्या नको. विमानतळावर काढून घेतात. डबा पिशवीत गुंडाळा, माझ्या दोन शर्टांना अजून बदामाचा वास येतो.

डोंबिवली_ते_दुबई: मर्झुगाचे फोटो टाकू का?