ब्लेंडला मराठीत काय म्हणायचं? मिश्रण, मिसळ की एकजीव?

मुलुंडहून :
नमस्कार मंडळी, एका शब्दासाठी अडलेय. सुका कचरा निवडणाऱ्या बायकांसाठी मराठीत माहितीची पानं लिहितेय, मूळ मजकूर इंग्रजी आहे आणि त्यात ब्लेंड हा शब्द सारखा येतो. मी सगळीकडे "मिश्रण" लिहिलं आणि परत वाचलं तर अर्थच लागेना, कारण एका पानावर म्हणे रबराचं मिश्रण केल्यामुळे प्लास्टिक चिवट झालं आणि पुढच्याच पानावर म्हणे मिश्रण झाल्यामुळे अख्खा माल वाया गेला. मग मिश्रण चांगलं की वाईट? वाचणाऱ्या बाईने काय समजायचं? आणि अजून दोन शब्द अडलेत. थर्माकोल प्लास्टिकमध्ये लिहू की वेगळा? आणि "फायबर"? सगळ्याजणी स्कूटरच्या तुटलेल्या पॅनलला फायबरच म्हणतात.

वसईहून :
ताई, मोल्डिंगच्या कामात माझी पंचवीस वर्षं गेली म्हणून सांगतो, तुम्ही अडलात ते बरोबर जागी अडलात. आधी फायबरचं. फायबर म्हणजे तंतू, काचेचे तंतू रेझिनमध्ये बसवून जे करतात ते खरं फायबर, कोळीवाड्यातल्या फायबरच्या होड्या बघा, त्या तशा. ते वितळत नाही. स्कूटरचं चकचकीत रंगवलेलं पॅनल बहुतेक वेळा एबीएस नावाच्या प्लास्टिकचं असतं, काही भाग पीपीचे म्हणजे पॉलिप्रोपिलीनचे, आणि हे दोन्ही वितळून परत दाणा होतो, म्हणजे नवी वस्तू करायचा कच्चा माल. म्हणजे चालू बोलीतला शब्द वितळणाऱ्या वस्तूला न वितळणाऱ्याचं नाव देतो. तुकडा पाण्यात टाका, पीपी तरंगतं आणि एबीएस बुडतं. पानात "स्कूटरचं फायबर म्हणजे एबीएस किंवा पीपी" असं सरळ लिहा, शब्द काढू नका, नाहीतर त्यांना कळणार नाही कशाबद्दल चाललंय.

थर्माकोल हे व्यापारी नाव, वस्तू पॉलिस्टायरिन नावाचं प्लास्टिकच. आपल्याकडे २०१८ च्या बंदीच्या अधिसूचनेच्या नावातच "प्लास्टिक आणि थर्माकोल" अशी जोडी होती, त्यामुळे गणपतीच्या मखराच्या वेळी सगळ्यांच्या डोक्यात बसलं की हे काहीतरी वेगळंच असतं. वेगळं काही नाही. पॉलिस्टायरिनचे बारीक मणी, आत पेंटेन भरलेला, वाफेवर फुगवतात, तयार ठोकळ्यात साधारण ९८ टक्के हवा. त्याच पॉलिस्टायरिनचा न फुगवलेला पारदर्शक माल म्हणजे आमचा "क्रिस्टल", पट्ट्या नि सीडीच्या डब्या त्याच्याच असायच्या, कडक पण पडला की तडकला. थर्माकोल गोळा करायला कोणी तयार नसतं ते तो वितळत नाही म्हणून नव्हे, टेम्पो भरून नेला तरी आपण हवाच वाहतो म्हणून. दाबून वितळवून लगदा केला की त्याच्या फोटोफ्रेमच्या पट्ट्या निघतात.

दादरहून :
पॉलिस्टायरिनमधल्या स्टायरिन या शब्दावर थोडं सांगतो, मला हा शब्द फार आवडतो. १८३९ साली बर्लिनमधल्या एदुआर्द सिमोन नावाच्या औषधविक्रेत्याने स्टोरॅक्स नावाचा झाडाचा चीक ऊर्ध्वपातित केला आणि त्यातून जे तेल निघालं त्याला स्टायरोल म्हटलं, काही दिवसांनी ते आपोआप घट्ट होऊन जेलीसारखं झालं. हा स्टोरॅक्स म्हणजे आपला शिलारस, धुपात नि आयुर्वेदाच्या औषधात वापरतात तो. म्हणजे पॉलिस्टायरिनच्या नावाचं मूळ आपल्या देवघराच्या इतक्या जवळ आहे. नाव तेवढं तिथून आलं, कारखान्यातलं स्टायरिन बेंझिन आणि इथिलीनपासून होतं, हे मात्र पानात नीट लिहा नाहीतर कोणीतरी थर्माकोल वनस्पतीजन्य म्हणून सांगत सुटेल.

पॉलिमरला विश्वकोशात "बहुवारिक" आहे. शब्द चांगला घडवलेला आहे पण या पानांत घालू नये असं माझं मत. दाणा म्हटलेलं बरं.

मुलुंडहून :
काका, शिलारस आमच्या आजीच्या डब्यात असायचा, आज कळलं! पण माझं मिश्रण तसंच राहिलं हो.

वसईहून :
त्यावरच येत होतो. स्वयंपाकघरातला "एकजीव" शब्द घ्या. गूळ पाकात वितळला की एकजीव, पण पाण्यात तेल कितीही ढवळलं तरी ते मिसळलेलं दिसेल, एकजीव होणार नाही. प्लास्टिकची बहुतेक जोडपी तेल-पाण्याची आहेत. पॉलिस्टायरिन आणि पॉलिफेनिलिन ऑक्साइड हे एकजीव होतात, असं उदाहरण विरळा. आणि नुसतं स्टायरिन दोन्हीत आहे म्हणून जमतं असंही नाही. एबीएस आणि हाय इम्पॅक्ट, म्हणजे रबर घालून चिवट केलेलं पॉलिस्टायरिन, दोन्हीत स्टायरिन आणि दोन्हीत रबर, तरी एकत्र वितळवून साच्यात मारलं की माल थरथराने सोलतो, वाकवला की कट्‍कन तुटतो. माझा स्वतःचा एक अख्खा लॉट असा गेलाय कारण पुरवणाऱ्याने एबीएस म्हणून दिलेल्या दाण्यात जुन्या टीव्हीच्या पाठी, म्हणजे हाय इम्पॅक्ट, दळलेल्या होत्या, आणि त्या दिवसापासून शब्दांच्या बाबतीत मी फार काटेकोर झालो. दोघांची घनता जवळजवळ सारखी, १.०४ ते १.०५ च्या आसपास, म्हणून पाण्याच्या बादलीत ते वेगळे होत नाहीत, आतल्या बाजूला छापलेलं नाव वाचूनच वेगळे करावे लागतात. जुन्या टीव्हीच्या पाठींत आग रोखायला ब्रोमिनवाली रसायनंही घालायचे, तो माल खेळण्यात किंवा डब्यात जाता कामा नये, हे पानात मोठ्या अक्षरात टाका.

आता चांगलं मिश्रण. हाय इम्पॅक्टमध्ये पॉलिब्युटाडाइन रबराचे अगदी सूक्ष्म कण पॉलिस्टायरिनमध्ये विखुरलेले असतात. ते एकजीव नसतात आणि मुद्दामच नसतात! तडा जायला लागला की त्या कणांशी अडखळतो, वाकवल्यावर तुकडा पांढरा पडतो तो त्याच बारीक बारीक तड्यांमुळे. पण कण नुसते टाकून चालत नाही, बनवतानाच पॉलिस्टायरिनच्या साखळ्या रबरावर कलम केलेल्या असतात. आंब्याचं कलम करतात तसंच, इंडस्ट्रीत ग्राफ्टिंग म्हणतात आणि मराठीत "कलम" इतका नेमका शब्द तयारच आहे. म्हणून तीन शब्द ठेवा, एकजीव, कलम केलेलं आणि नुसतं मिसळलेलं. वाया जातं ते तिसरं.

धारावीहून :
रबर राहिलंच की. आमच्याकडे चपलांचे सोल येतात, सगळे त्याला रबरच म्हणतात पण त्यात दोन जाती आहेत. टायर किंवा जुना काळा सोल तापवला तर जळतो, वितळत नाही. टीपीआर, म्हणजे वितळणाऱ्या रबराचा सोल मात्र वितळतो आणि परत साच्यात मारता येतो, आम्ही रोज मारतो. दोन्हीत स्टायरिन ब्युटाडाइनच आहे असं एका सप्लायरने सांगितलेलं, मग एक वितळतो नि एक नाही ते का, कोणी सांगेल का?

दादरहून :
फार चांगला प्रश्न. टायरच्या एसबीआर रबरात साधारण पाव भाग स्टायरिन आणि बाकी ब्युटाडाइन, त्यात गंधक घालून तापवलं की साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात. हे व्हल्कनीकरण, गुडइयरला ते सापडलं तेही १८३९ मध्येच. ती निरगाठ आहे, सुटत नाही, कापावी लागते, म्हणून टायरचा चुरा करतात किंवा रिक्लेम, म्हणजे गाठी तोडून परत मऊ केलेलं रबर. टीपीआरमध्ये साखळीची दोन्ही टोकं पॉलिस्टायरिनची आणि मधला भाग रबराचा. ती टोकं एकत्र गोळा होऊन कडक होतात आणि गाठीसारखं काम करतात, पण पॉलिस्टायरिन १०० अंशांच्या वर सैल पडतं, म्हणून ही सुरगाठ, तापवली की सुटते आणि थंड झाली की परत बसते. रस्त्याच्या डांबरात घालतात ते एसबीएस यातलंच.

धारावीहून :
सुरगाठ निरगाठ! हे उद्याच पोरांना सांगतो. ताई, एक लिहाच, जाळून वास घेऊन ओळखायची सवय आहे आमच्या लोकांना, पॉलिस्टायरिनला झेंडूसारखा वास आणि काळी काजळी येते, ओळख बरोबर असते पण एबीएसच्या धुरात सायनाइडचा वायू असतो, तो छातीत जातो. वाजवून बघा म्हणावं, क्रिस्टल खाली टाकला तर पत्र्यासारखा खणखणतो.

मुलुंडहून :
लिहिते, जाळून बघू नका हे पहिल्याच पानावर घालते. मिश्रण सगळीकडून काढलं आणि तुमचे तिन्ही शब्द टाकले. एकच राहिलं, रीसायकल ला मी "पुनर्वापर" लिहिलंय, चालेल ना?

वसईहून :
नको ताई. पुनर्वापर म्हणजे श्रीखंडाचा डबा धुऊन त्यात डाळ ठेवणं. तोच डबा दळून वितळवून दाणा केला तर ते वेगळं काम, त्याला पुस्तकात पुनर्चक्रण म्हणतात, पण तुमच्या बायका "दाणा करणं" म्हणतात ना, मग तेच लिहा.