स्काडा मध्येच गायब होतो, डम्प फाइल कुठे मिळेल?

प्रश्न: साखर कारखान्यात बॉयलरचा स्काडा (यंत्रांवर नजर ठेवणारं नियंत्रण सॉफ्टवेअर), विंडोज १० वर. गाळप ऐन भरात आणि रात्रपाळीत स्क्रीन अचानक गायब! ऑपरेटर पुन्हा चालू करून मोकळा. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, डम्प (प्रोग्राम बंद पडताना मेमरीत काय होतं त्याची फाइल) पाठवा. फोल्डर तर रिकामाच.

उत्तर १: पूर्ण डम्प विंडोज आपणहून ठेवत नाही हो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठतात) 'विंडोज एरर रिपोर्टिंग'खाली 'लोकलडम्प्स' नावाची की (सेटिंगचा कप्पा) बनवा, डम्पटाइप २ (म्हणजे पूर्ण डम्प), डम्पफोल्डर डी ड्राइव्हवर. फाइल मोठी होते, जागा बघा.

उत्तर २: तोवर इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमधली १००० नंबरची नोंद काढा. फॉल्टिंग मॉड्यूलचं, म्हणजे ज्या भागात गडबड झाली त्याचं, नाव तिथेच असतं. आमच्याकडे प्रिंटर ड्रायव्हर निघाला. शिव्या मात्र स्काडाने खाल्ल्या!

प्रश्नकर्ता: रजिस्ट्रीचं झालं. आज लॉगही काढतो.