एका शेअरला तीन वर्षं : थायलंडच्या कलम ११२ वर चर्चा

सुरंगी (धागाकर्ती)

थायलंडच्या दंडसंहितेतलं कलम ११२ एका वाक्याचं आहे. राजा, राणी, युवराज किंवा राजप्रतिनिधी यांची बदनामी किंवा अपमान केला, त्यांना धमकावलं, तर ३ ते १५ वर्षं कैद. १९७६ पूर्वी कमाल ७ वर्षं होती आणि किमान काहीच नव्हतं. त्या ऑक्टोबरातल्या लष्करी बंडानंतर आकडे बदलले, ते आजतागायत तसेच आहेत.

तेव्हा फेसबुक नव्हतं, आणि खरी गोची तिथेच आहे. प्रत्येक पोस्ट, प्रत्येक शेअर हा वेगळा गुन्हा धरतात. जानेवारी २०२१ मध्ये बँकॉकच्या न्यायालयाने एका माजी सरकारी कर्मचारी बाईंना ८७ वर्षं ठोठावली. राजघराण्यावर टीका करणाऱ्या ध्वनिफिती त्यांनी यूट्यूब-फेसबुकवर टाकल्या होत्या. फितींतला आवाजही त्यांचा नव्हता. हिशेब शाळकरी आहे: २९ गुन्हे, दर गुन्ह्याला ३ वर्षं. कबुली दिली म्हणून निम्मी, म्हणजे साडेत्रेचाळीस. दर वेळी कायद्यातली सगळ्यात कमी शिक्षा धरून हा आकडा आलाय, बरं का.

राजाचा आदर किती करायचा ते थाई लोक बघतील. हा गुणाकार मात्र कायद्यात असू नये, असं माझं मत.

दिवाणजी

असहमत. आकडा वाचून छाती दडपते खरी, पण त्याच बाई ऑगस्ट २०२५ मध्ये शाही माफीने बाहेर आल्या. तिथे शिक्षा आणि माफी ही जोडी आहे, एकच बाजू दाखवू नका.

शिवाय थायलंडमध्ये साधी बदनामीसुद्धा फौजदारी गुन्हा आहे. तुमची-माझी जाहीर बदनामी केली तर कलम ३२८ खाली २ वर्षांपर्यंत कैद होते. फरक इतकाच की आपण स्वतः फिर्याद करू शकतो, राजा करू शकत नाही. तो पत्रकार परिषद घेत नाही, कोर्टात साक्षीला उभा राहत नाही. राज्यघटनेचं कलम ६ त्याला पूजनीय आणि अनुल्लंघनीय म्हणतं. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्या वतीने राज्य उभं राहिलं तर त्यात अघटित काय? भूमिबोल १९४६ ते २०१६ गादीवर होते. सत्तर वर्षांत बंडं किती झाली आणि राज्यघटना किती बदलल्या ते मोजा, म्हणजे लोक गादीला का धरून असतात ते कळेल.

कलमबहाद्दर

दिवाणजी, कलम ३२८ सांगितलंत आणि पुढची दोन पानं गाळलीत. ३२९ मध्ये प्रामाणिक टीकेला संरक्षण आहे. ३३० प्रमाणे आरोप खरा ठरला तर शिक्षा नाही. ही दोन्ही संरक्षणं ११२ ला लागू नाहीत, कारण ते कलम दंडसंहितेत बदनामीच्या प्रकरणात नसून राज्याच्या सुरक्षेच्या प्रकरणात बसवलंय. खरं बोललात हा तिथे बचाव नव्हेच.

त्याच जागेमुळे तक्रार कुणीही करू शकतो, देशातल्या कुठल्याही ठाण्यात. म्हणून मलेशियाच्या सीमेवरच्या सुंगाई कोलोकला तक्रारी पडतात आणि बँकॉकच्या पोरांना तारखेसाठी हजारावर किलोमीटर जावं लागतं. ठाणेदार तक्रार परत पाठवायला धजत नाही, उद्या त्याच्याच निष्ठेवर बोट ठेवलं तर?

अटकेनंतर ४८ तास पोलिसांकडे. मग न्यायालय १२-१२ दिवसांची कोठडी देतं, सात वेळा, म्हणजे आरोपपत्राआधीच ८४ दिवस. जामीन ‘गुन्हा गंभीर, पळून जाण्याची शक्यता’ म्हणून फेटाळतात. मिळालाच तर अट येते की राजसंस्थेला बाधा येईल असं काही करू नका. खोन केनच्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याने डिसेंबर २०१६ मध्ये नव्या राजावरचा बीबीसी थाईचा लेख शेअर केला. तो लेख दोन हजारांवर लोकांनी शेअर केला होता, खटला या एका कार्यकर्त्यावर. जामीन मिळाला, मग त्याच जामिनावरून फेसबुकवर टोमणा मारला म्हणून तो रद्द झाला. शेवटी कबुली देऊन ५ ची अडीच वर्षं.

कबुलीचं हे असंच. कलम ७८ खाली शिक्षा निम्म्यापर्यंत उतरते, म्हणून वकीलच सांगतो, कबूल कर आणि सुट. पिवळ्या बदकांची दिनदर्शिका विकणाऱ्याने कबुली दिली नाही, त्याला २०२३ मध्ये ३ ची २ च झाली. होय, बदकं. कोर्टाला त्या चित्रांत राजाची टिंगल दिसली.

मुळामुठा

तंत्राच्या बाजूने एक भर. २०११ मध्ये ६१ वर्षांच्या एका गृहस्थांना २० वर्षं झाली, चार एसएमएससाठी. वर्तमानपत्रं त्यांना ‘आ-कोंग’, म्हणजे आजोबा, म्हणायची. मला एसएमएस पाठवायलाच येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुरावा कसला, तर हँडसेटचा आयएमईआय क्रमांक. तो हँडसेटची ओळख सांगतो, बटणं दाबणाऱ्या बोटांची नाही. शिवाय तो बदलता येतो.

दिवाणजींच्या माफीबद्दलही हेच प्रकरण बोलतं. अपील चालू असेपर्यंत माफीचा अर्ज पुढे सरकत नाही, निकाल अंतिम व्हावा लागतो. आजोबांनी अपील मागे घेतलं आणि मे २०१२ मध्ये कर्करोगाने तुरुंगातच गेले. निर्दोष असल्याचं सिद्ध करायचा हट्ट धरणाऱ्याने जास्त दिवस आत राहायचं, अशी ही माफी.

दिवाणजी

आजोबांचं प्रकरण वाईटच, त्याचं समर्थन करणार नाही. पण आरोप झाला की शिक्षा ठरलेली, हेही खोटं आहे. एका बाईंवर २०१६ मध्ये खटला भरला, कारण खाजगी गप्पांत कुणाच्या तरी मजकुराला त्यांनी ‘चा’ म्हटलं, म्हणजे आपलं ‘बरं’. २०२० मध्ये त्या निर्दोष सुटल्या. माजी पंतप्रधान थाकसिन याच कलमाखालच्या खटल्यातून ऑगस्ट २०२५ मध्ये सुटले. अमेरिकी अभ्यासक पॉल चेंबर्स यांना लष्कराच्या तक्रारीवरून एप्रिल २०२५ मध्ये अटक झाली आणि मे महिन्यात सरकारी वकिलांनीच प्रकरण सोडून दिलं. चाळणी आहे.

सुरंगी

‘बरं’ या एका शब्दाला चार वर्षं कोर्टाच्या वाऱ्या, आणि याला चाळणी म्हणायचं? चेंबर्स यांचा व्हिसा गेला, नोकरी गेली, देश सोडावा लागला. मजकूर त्यांनी लिहिलेलाही नव्हता, सिंगापूरच्या एका संस्थेच्या संकेतस्थळावरची ती व्याख्यानाची माहिती होती.

आणि ही चाळणी धरतं कोण? २०१८ ते २०२० या कलमाखाली नवे खटले जवळजवळ थांबले. जून २०२० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान प्रयुत म्हणाले, राजांची तशी इच्छा आहे. रस्त्यावर तरुण उतरले, तशी नोव्हेंबरात घोषणा झाली की सगळे कायदे वापरू. तेव्हापासून २७० वर लोकांवर हे कलम लागलंय. नळ कुणाच्या इशाऱ्याने उघडतो-बंद होतो ते उघड आहे. खुद्द भूमिबोल डिसेंबर २००५ च्या वाढदिवसाच्या भाषणात म्हणाले होते की राजाही चुकू शकतो, त्याच्यावर टीका व्हायला हरकत नाही.

नाखवा

कलमात फक्त हयात चौघं आहेत, असं वाचून कुणी निर्धास्त होऊ नका. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चौथा राम या जुन्या राजाच्या अपमानाबद्दलही ११२ लागू होतं असं ठरवलं. हा राजा १८६८ मध्ये वारला. थाई विचारवंत सुलक शिवरक्ष यांनी तर १५९३ च्या हत्तीवरच्या द्वंद्वाबद्दल शंका काढली होती, नरेसुअन राजाने ब्रह्मी युवराजाला खरंच असं मारलं का, एवढीच. तक्रार झाली २०१४ ला, प्रकरण मिटलं जानेवारी २०१८ मध्ये. इतिहासपुरुषांवरून ठाण्यात जाणं आपल्यालाही नवीन नाही म्हणा.

आपल्याकडचं पालघर आठवतं. नोव्हेंबर २०१२, मुंबई बंदवर एकीची पोस्ट, दुसरीचं लाइक, दोघींना अटक. त्यातून सुरू झालेल्या याचिकेवर मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. त्या कलमात ३ वर्षं ही कमाल होती, इथे ती सुरुवात आहे.

दिवाणजी

पालघरची तुलना तोकडी आहे, ६६अ कुठल्या घटनात्मक पदासाठी नव्हतं. पण एक मुद्दा सोडतो: तक्रारीचा हक्क वाटसरूला नको, राजदरबाराच्या कार्यालयालाच हवा. तेवढी दुरुस्ती झाली तर निम्मे खटले उभेच राहणार नाहीत, आणि गादीचंही नाव खराब होणार नाही.

कलमबहाद्दर

दिवाणजी, जपून! फेब्रुवारी २०२१ मध्ये मूव्ह फॉरवर्ड पक्षाच्या ४४ खासदारांनी मांडू पाहिलेल्या विधेयकात हेच होतं. तक्रार राजदरबाराने करायची, किमान शिक्षा काढायची, राजाच्या बाबतीत कमाल १ वर्ष किंवा ३ लाख बाट दंड. ते सभागृहात आलंच नाही. २०२३ च्या निवडणुकीत १५१ जागा घेऊन हा पक्ष पहिला आला. जानेवारी २०२४ मध्ये घटना न्यायालयाने ठरवलं की या दुरुस्तीचा प्रचार म्हणजे राज्यव्यवस्था उलथवण्याचा प्रयत्न, आणि ७ ऑगस्टला पक्ष विसर्जित. तुमची सूचना तुम्ही थायलंडबाहेर बसून केलीत ते बरं.

नाखवा

बाहेर बसूनही फार बरं नाही. कलम ७ प्रमाणे सुरक्षेच्या प्रकरणातले गुन्हे परदेशात केले तरी थायलंडमध्ये खटला चालतो. कोलोरॅडोत राहणाऱ्या एका थाई-अमेरिकी माणसाने तिथूनच बंदी असलेल्या पुस्तकाचं भाषांतर ब्लॉगवर टाकलं होतं. २०११ मध्ये उपचारांसाठी थायलंडला आला तेव्हा अटक, आणि कबुलीनंतर अडीच वर्षं. फुकेट-पटायाची तिकिटं काढलेल्यांनी राजाच्या फोटोवरचे विनोद इथेच विसरावेत. पोस्ट पुसली म्हणजे झालं असंही नाही, तक्रार स्क्रीनशॉटवर होते. त्यावर संकेतस्थळाचा पत्ता नसल्याने पुरावा टिकला नाही आणि आरोपी सुटला, असं घडलंय, पण ते कोर्टात उभं राहिल्यावर कळतं.