चारही रात्री विमानतळाजवळ काढू नका

परतीचं विमान पहाटेचं आहे म्हणून चारही रात्री विमानतळाजवळच राहायचं, असं तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर तसं करू नका. खोली स्वस्त दिसते खरी, पण रोज शहरात जाण्यायेण्यात वेळ मोडतो, आणि तुमच्या सोबत आई आहेत. दुपारी तासभर पाठ टेकायला खोलीवर येता येणं ही त्यांच्यासाठी फार मोठी सोय आहे. पहिल्या तीन रात्री मध्यवस्तीत, मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असं ठिकाण घ्या. विमानतळाजवळ फक्त शेवटची रात्र.

स्टेशन जवळ आहे एवढ्यावर समाधान मानू नका, तिथे लिफ्ट आहे का तेही बघा. नकाशावरचे 500 मीटर बॅगा घेऊन जिने चढताना संपता संपत नाहीत.

सकाळी पोहोचणार असाल तर खोली बहुधा दुपारी दोन-तीनलाच मिळते. तोवर बॅगा ठेवून घेतील का, हे आत्ताच विचारून घ्या. आणि हो, मेट्रोचा दिवसाचा पास 24 तासांचा आहे की त्या तारखेपुरता, ते नीट वाचा. तारखेचा पास संध्याकाळी घेतलात तर त्याच रात्री संपतो.